बसस्टँडच्या दुरवस्थेची तक्रार: काम होईल अशी कशी करावी?

गेली अकरा वर्षं मी एसटीनं अप-डाऊन करते. सकाळी सव्वासहाची गाडी धरायची आणि संध्याकाळी साडेसात-आठला परत यायचं. इतकी वर्षं रोज दोनदा एकाच स्टँडवर उभं राहिलं की तिथली प्रत्येक गळकी तोटी आणि मोडकं बाक ओळखीचं होतं. स्टँडच्या घाणीबद्दल चिडून कागद देणारेही खूप भेटले. त्यांची तळमळ खरी असते, पण कागद चुकलेला असतो. चुकीच्या माणसाला, मोघम शब्दांत, पोच न घेता दिलेला कागद फायलीत जाऊन पडतो. महिन्यानं तीच माणसं म्हणतात, "काही उपयोग नाही."

माझा पहिला कागदही असाच होता. सतरा मागण्या आणि खाली चाळीस सह्या. उत्तर आलं, "सदर मुद्द्यांबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे." पुढे काहीच हललं नाही. त्यानंतर मी एका कागदात एकच दोष लिहायला लागले, आणि तेव्हापासून कामं व्हायला लागली. पुढच्या पायऱ्या त्या अनुभवातून आल्या आहेत. त्यांचा क्रम मात्र मोडू नका.

तयारी: काय जवळ ठेवायचं

शंभर पानी वही, पेन, शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, एक लिटरची रिकामी बाटली आणि तारीख-वेळ दाखवणारा मोबाइल. एवढं पुरतं. निदान दोघांनी मिळून हे करा आणि त्यात एक बाई असू द्या, कारण महिला स्वच्छतागृहाची पाहणी बाईनंच करायची आहे.

वहीच्या पहिल्या पानावर स्टँडचा साधा नकाशा काढा. फलाटांचे क्रमांक, चौकशी खिडकी, पाण्याची टाकी, पिण्याच्या पाण्याचे नळ, स्वच्छतागृह, हिरकणी कक्ष (आयांना बाळाला दूध पाजायची खोली), उपाहारगृह, आत येणारं आणि बाहेर जाणारं फाटक हे सगळं त्यात दाखवा. पुढच्या प्रत्येक तक्रारीत जागा सांगायला हाच नकाशा लागेल. "स्टँडमध्ये खड्डे आहेत" आणि "फलाट क्र. 6 समोर, पायरीपासून चार फुटांवर खड्डा आहे" यांतलं दुसरं वाक्य वाचून माणूस तिथं जाऊन उभा राहू शकतो.

पायरी 1: हद्द ओळखा

सगळ्यात जास्त कागद इथंच वाया जातात. स्टँडच्या कंपाउंडच्या आतलं आवार, इमारत, फलाट आणि आतला रस्ता ही एसटी महामंडळाची जबाबदारी. फाटकाबाहेरचा रस्ता महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा असतो, काही ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागाचा. बाहेरची तुंबलेली गटार पालिकेची. बाहेर गाड्या आडव्या लावणारे रिक्षावाले आणि आतले पाकीटमार हा पोलिसांचा विषय. उपाहारगृहातल्या शिळ्या खाण्याची तक्रार महामंडळासोबत अन्न व औषध प्रशासनाकडेही करता येते. स्टॉलवर पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर वैधमापन शास्त्र विभागाकडे जायचं.

शहर बसच्या थांब्याची तक्रार एसटीकडे देणारे तर मी दर महिन्याला पाहते. छत्रपती संभाजीनगरात शहर बस स्मार्ट सिटीची आहे, एसटीची नाही. तिथं मध्यवर्ती बसस्थानक आणि सिडको बसस्थानक ही दोन स्थानकंही वेगळी आहेत. कागदावर कोणतं स्थानक ते पूर्ण नावानं लिहा.

महामंडळाच्या आतली उतरंडही माहीत हवी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक भेटतात, त्यांनाच आपण कंट्रोलर म्हणतो. त्यांच्यावर स्थानक प्रमुख, मग आगार व्यवस्थापक म्हणजे डेपो मॅनेजर, आणि त्यांच्यावर विभाग नियंत्रक. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, नांदेड, लातूर आणि धाराशिव असे विभाग आहेत. हिंगोली जिल्हा आहे, पण एसटीचा वेगळा विभाग नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी हे डेपो परभणी विभागात येतात. हिंगोलीकरांनी वरचा कागद परभणीला पाठवायचा.

*तपासा:* कागद लिहायला बसण्याआधी "ही जागा कुणाची?" याचं उत्तर एका शब्दात देता येतंय का? येत नसेल तर चौकशी खिडकीवर विचारा. बहुतेक वेळा सरळ सांगतात.

पायरी 2: तीन वेगळ्या वेळी पाहणी

एकदा पाहून लिहिलेल्या तक्रारीला "त्या दिवशी मोटार बिघडली होती" एवढं एक उत्तर पुरतं. म्हणून त्याच आठवड्यात तीन दिवस, प्रत्येक दिवशी तीन वेगळ्या वेळी पाहा: सकाळी सहाच्या सुमारास, दुपारी दोनला आणि रात्री आठनंतर. स्टँड या तीन वेळी तीन वेगळ्या जागा असतात. सकाळी फरशी नुकतीच धुतलेली असते, दुपारी गर्दी आणि ऊन, रात्री अंधार. ज्यांनी सकाळीच पाहिलं त्यांना रात्री आठला कोरडे पडणारे नळ कधी दिसलेच नाहीत.

पाणी सगळ्यात आधी पाहा. पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली लिटरची बाटली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजा. दहा-पंधरा सेकंदांत भरली तर ठीक. मिनिटभर लागत असेल तर गाडी सुटायच्या घाईत कुणी तिथं थांबणार नाही, सगळे विकतची बाटली घेतील. चार नळ असतील तर चारही मोजा आणि आकडे लिहा. टाकीवर शेवटची धुतल्याची तारीख रंगवलेली आहे का, झाकण आहे का, हेही नोंदवा. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. अशा दुपारी कडेवर लेकरू घेतलेली बाई कोरड्या नळासमोर उभी असते, हे मी पाहिलं आहे. म्हणून माझ्या यादीत पाणी कायम पहिलं.

मग स्वच्छतागृह. आत पाणी आहे का, दाराला आतून कडी लागते का, दिवा लागतो का, बाहेर दरफलक आहे का आणि प्रत्यक्षात कशाचे किती पैसे मागतात. कडीकडे आवर्जून बघा. तुटक्या कडीमुळे बायका पाच-पाच तासांच्या प्रवासात तिथं पाय ठेवत नाहीत आणि पाणी प्यायचंही टाळतात. कडी पन्नास-साठ रुपयांची वस्तू आहे, पण कुणी कागदावर लिहीत नाही म्हणून बसत नाही.

खड्डा नुसता "मोठा" म्हणून लिहू नका. त्यावर सरळ काठी आडवी ठेवा आणि काठीपासून तळापर्यंत पट्टीनं खोली मोजा, लांबी-रुंदीही घ्या. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं तेव्हा चालक गाडी फलाटाला भिडवत नाही, अलीकडे थांबवतो. मग म्हाताऱ्या माणसाला उंच पायरीवरून थेट चिखलात उतरावं लागतं. हे दिसलं तर तक्रारीत लिहा. नुसत्या खड्ड्यापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं.

बाकं, पंखे, दिवे मोजायला दहा मिनिटं लागतात. एकूण किती, चालू किती, एवढंच लिहा. उतार-पट्टी, म्हणजे चाकाची खुर्ची फलाटावर चढवायची सोय, आहे का आणि तिच्यावर कुणी गाडी लावली आहे का, तेही पाहा. हिरकणी कक्षाला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते ते विचारून लिहा.

*जपा:* स्वच्छतागृहाच्या आत कुणी असताना मोबाइल बाहेर काढू नका. रिकाम्या नळाचा, तुटक्या कडीचा फोटो घ्या. माणसांचे चेहरे येऊ देऊ नका, बायका-मुलांचे तर अजिबातच नाही. एका चुकीच्या फोटोनं सगळी तक्रार बाजूला राहते आणि भांडण फोटोवरून सुरू होतं.

पायरी 3: वासाच्या मागचं कारण शोधा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. मला विचाराल तर तक्रारीचा जीव इथंच आहे.

"स्वच्छतागृहात प्रचंड दुर्गंधी आहे" असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी फिनेल टाकतात. तिसऱ्या दिवशी वास परत. कारण वास घाणीचा असला तरी मूळ पाण्यात असतं. आमच्या स्टँडवर मी सहा महिने वासाची तक्रार करत होते. एका संध्याकाळी झाडणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या चिडून म्हणाल्या, "ताई, पाणीच नाही तर मी काय थुंकी लावून धुऊ? मोटार सातलाच बंद करतेत." मोटार चालू-बंद करणारा माणूस सातला घरी जायचा आणि खालच्या हौदात पाणी असूनही वरची टाकी रात्री रिकामी राहायची. मी सहा महिने चुकीची गोष्ट लिहीत होते.

तेव्हापासून नियम केला, कागद लिहिण्याआधी तीन माणसांशी बोलायचं: झाडणारे, पाणी सोडणारे आणि रात्रपाळीचे कंट्रोलर. त्यांना दोष देत विचारलं तर ते बोलत नाहीत. "तुम्हाला काम करायला काय अडतं?" असं विचारा.

मराठवाड्यात पाण्याचा हिशोब मांडल्याशिवाय स्टँडच्या स्वच्छतेचं गणित सुटत नाही. आपल्याकडच्या अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशात टाकी किती लिटरची आणि ती किती दिवसांनी भरते, यावर सगळं ठरतं. एक साधा हिशोब करून बघा. समजा, दिवसाला 600 माणसं स्वच्छतागृह वापरतात आणि एकाला सरासरी 6 लिटर लागतात, तर 3,600 लिटर झाले. फरशी दोनदा धुवायला 600 धरा. रोजचे 4,200 लिटर. टाकी 5,000 लिटरची असेल आणि तीन दिवसांतून एकदाच भरत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कोरडी. मग कितीही झाडणारे वाढवा, वास जाणार नाही. तुमच्या स्टँडची माणसं मोजा, टाकीवरचे आकडे वाचा आणि हाच हिशोब कागदात मांडा. अशा वेळी मागणी सफाईची नको. जास्त साठवण, बोअरची जोडणी किंवा ठरलेल्या वारी टँकर, यांपैकी एक मागा.

खड्ड्यांचंही तसंच. आपली बरीचशी स्थानकं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचा थर हलतो. त्यात गाड्या वळताना आणि ब्रेक लावताना एकाच जागी घासतात, उभ्या गाडीतून डिझेल-ऑइल ठिबकतं आणि डांबर मऊ पडतं. त्यात पाणी साचलं की उन्हाळ्यात केलेला रस्ता दिवाळीपर्यंत टिकत नाही. मुरूम टाकून बुजवलेला खड्डा तर पहिल्या मोठ्या पावसात चिखल होतो. म्हणून खड्ड्याच्या तक्रारीत पाणी कुठं अडतंय ते लिहा: कोणत्या चेंबरची जाळी बुजली आहे, फलाटाच्या कडेची नाली कुठं तुटली आहे. पावसात छत्री घेऊन जा आणि वाहणारं पाणी कुठं थांबतं ते पाहा. पंधरा मिनिटांत कळतं.

*तपासा:* तुमच्या वाक्यात "कारण" हा शब्द घालता येतोय का? "रात्री नळ कोरडे असतात, कारण मोटार संध्याकाळी सातनंतर चालत नाही." असं वाक्य बनलं तर कागद तयार झाला. कारण नक्की ठाऊक नसेल तर "असावे" लिहा, ठाम आरोप करू नका.

पायरी 4: एक दोष, एक कागद

सतरा दोष सापडले तर सतरा कागद करा, पण एका वेळी दोनच द्या. सतरा मुद्द्यांच्या निवेदनाला एकच उत्तर मिळतं आणि त्यातला सगळ्यात सोपा मुद्दा पूर्ण करून फाइल बंद होते. पहिले दोन निवडताना एक रोजच्या देखभालीचा आणि एक दुरुस्तीचा घ्या. तोटी, कडी, दिवा, झाडलोट ही कामं स्थानिक पातळीवर होतात. काँक्रीट, छताची गळती, नवी टाकी यांना अंदाजपत्रक आणि वरची मंजुरी लागते, ते विभागाच्या स्थापत्य, म्हणजे बांधकाम पाहणाऱ्या, शाखेकडे जातं. दोन्ही एकाच कागदात घातली तर मंजुरीच्या नावाखाली कडीसुद्धा अडकते.

नमुना देते. शब्द आपले वापरा, सांगाडा हाच ठेवा. "रा. प." म्हणजे राज्य परिवहन.

> प्रति,
> मा. आगार व्यवस्थापक, रा. प. आगार, (गाव)
>
> विषय: बसस्थानकातील महिला स्वच्छतागृहात रात्री पाणी नसल्याबाबत.
>
> महोदय,
> दि. 4, 6 व 8 मार्च रोजी रात्री 8 ते 8.30 या वेळेत आम्ही पाहणी केली. तिन्ही दिवशी महिला स्वच्छतागृहातील चारही नळांना पाणी नव्हते. त्याच वेळी खालच्या हौदात पाणी होते. संध्याकाळी 7 नंतर मोटार चालू केली जात नसल्याने वरची टाकी रिकामी राहत असावी.
>
> विनंती: शेवटची गाडी सुटेपर्यंत टाकीत पाणी राहील अशी व्यवस्था करावी. ही व्यवस्था कोणत्या तारखेपासून सुरू होईल ते लेखी कळवावे.
>
> सोबत: तारीख-वेळ असलेले 3 फोटो.
> प्रत: मा. विभाग नियंत्रक, रा. प. विभाग, (जिल्हा)

"तारीख लेखी कळवावी" हे वाक्य वगळू नका. त्यामुळे "कार्यवाही करण्यात येत आहे" एवढ्यावर भागत नाही.

*जपा:* झाडणाऱ्या किंवा पाणी सोडणाऱ्या माणसाचं नाव कागदात घालू नका. मावशींनी मला जे सांगितलं त्याची किंमत त्यांना मोजायला लागली असती, तर पुढच्या वेळी मला कुणी काही सांगितलंच नसतं. त्यांना पाणी मिळालं तर स्वच्छतागृह स्वच्छ होतं, त्यांची बदली झाल्यानं होत नाही.

पायरी 5: कागद कुठं, कोणत्या क्रमानं

आधी चौकशी खिडकीवर तक्रार पुस्तक मागा आणि त्यात चार ओळी लिहा. पानाचा, नोंदीचा क्रमांक असेल तर वहीत उतरवा आणि पानाचा फोटो घ्या. "पुस्तक साहेबांच्या कपाटात आहे" म्हणाले तर भांडू नका. तारीख, वेळ वहीत लिहा आणि पुढच्या कागदात "तक्रार पुस्तक उपलब्ध झाले नाही" असं एक वाक्य घाला.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आगार व्यवस्थापकांच्या कार्यालयात अर्जाच्या दोन प्रती न्या. एक तिथं ठेवायची. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घ्यायचा. हीच पोच. पोच नसलेला कागद दिलाच नाही असं समजा. मी हे कडू अनुभवानं शिकले. ओळखीच्या बाबूंच्या हातात दिलेला अर्ज तीन आठवड्यांनी "आमच्याकडे आलाच नाही" ठरला होता. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.

15 जुलै 2024 पासून महामंडळानं आगारांमध्ये सोमवारी आणि शुक्रवारी "प्रवासी राजा दिन" घ्यायला सुरुवात केली. विभाग नियंत्रक त्या दिवशी आगारात येऊन प्रवाशांच्या लेखी तक्रारी ऐकतात, अशी ही व्यवस्था. ते प्रत्येक आगारात पाळीपाळीनं येतात, म्हणून तुमच्या आगाराची तारीख आधी विचारून घ्या. जाताना आगारात दिलेल्या अर्जाची पोच, फोटो आणि वहीतलं पाहणीचं पान न्या. पाच मिनिटं मिळतात, त्यांत एकच विषय मांडा. पोच हातात असेल तर तिथल्या तिथं "या अर्जाचं काय झालं?" असा प्रश्न खाली विचारला जातो. रिकाम्या हातानं गेलात तर "अर्ज द्या, बघतो" एवढंच होतं.

आपले सरकार पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. नोंद क्रमांक जपून ठेवा.

*नेहमीची चूक:* बरेच जण स्टँडची तक्रार घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाला जातात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या या दिनात वैयक्तिक स्वरूपाची तक्रार घेतली जाते. स्टँडचा प्रश्न सार्वजनिक, म्हणून अर्ज परत येतो आणि महिना जातो.

दुसरी चूक, आमदार-खासदारांना निवेदन देतानाचा फोटो छापून आला की काम झालं असं समजणं. लोकप्रतिनिधींकडे जरूर जा. नव्या टाकीसारख्या मोठ्या कामाला त्यांच्या पत्राचा उपयोग होतो. पण आगारातली पोच हातात आल्यानंतर जा आणि तिची प्रत जोडा.

पायरी 6: पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणी

कागद दिल्यावर रोज फोन करू नका. पंधरा दिवस थांबा आणि मग त्याच वेळी, त्याच जागी तीच मोजणी करा. सुधारणा झाली असेल तर आभाराचं दोन ओळींचं पत्र द्या. हे मनापासून सांगते, कारण कागदावर कौतुक क्वचितच येतं आणि ज्यांनी मोटारीची वेळ बदलली त्यांना ते वाचून बरं वाटतं. शिवाय त्या पत्रात "आता रात्री 8.30 ला चारही नळांना पाणी असते" ही नोंद राहते. पुढे बिघडलं तर तोच पुरावा.

अर्धवट काम झालं असेल तर नवा अर्ज नको. जुन्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख टाकून स्मरणपत्र द्या. नवा अर्ज दिला की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पायरी 7: महिन्यानंतरही हालचाल नसेल तर माहिती अधिकार

माहिती अधिकार अधिनियम 2005 खालचा अर्ज कारण विचारण्यासाठी नसतो, कागद मागण्यासाठी असतो. "स्वच्छतागृह घाण का आहे?" याचं उत्तर मिळणार नाही. "स्वच्छतागृह चालवण्याच्या कराराची प्रत द्या" याचं मिळेल. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण 150 शब्दांत बसवावा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, मात्र पुरावा जोडावा लागतो.

अर्ज विभागीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि तीनच गोष्टी मागा:

1. बसस्थानकाची साफसफाई व स्वच्छतागृह चालवण्याच्या सध्याच्या कराराची, दरपत्रकासह, प्रत.
2. गेल्या तीन महिन्यांत तिथं झालेल्या तपासण्यांच्या नोंदी आणि काही दंड केला असेल तर त्याचे आदेश.
3. माझ्या दि. ____ च्या, आवक क्र. ____ च्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. तुमचा कागद कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होता ते त्यातून दिसतं. करार हाती आला की दिवसातून किती वेळा धुवायचं, किती माणसं हवीत, कशाचे पैसे घ्यायचे आणि कशाचे नाही, हे छापील मिळतं. त्यानंतरची तक्रार "घाण आहे" अशी राहत नाही. "करारातील अमुक कलमाप्रमाणे काम होत नाही" अशी होते.

उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, त्याला 20 रुपयांचा स्टँप लागतो. तिथंही समाधान झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं अपील. तारखा वहीत लाल शाईनं लिहा. बहुतेकांचं अपील मुदत उलटल्यामुळं हुकतं.

*तपासा:* दिलेली माहिती आणि तुमची पाहणी जुळतात का? नोंदवहीत "रोज तीनदा सफाई" असेल आणि तुमच्या तीन पाहण्यांत एकदाही कुणी दिसलं नसेल, तर दोन्ही कागद जोडून थेट विभाग नियंत्रकांना द्या.

पायरी 8: काम सुरू झाल्यावर तिथं जा

काम मंजूर झालं की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि पाहायला जात नाहीत. फलाटासमोर काँक्रीट टाकत असतील तर पाण्याचा उतार कुठं दिला आहे ते विचारा. मी पाहिलेल्या एका कामात काँक्रीट चांगलं झालं, पण उतार फलाटाकडे गेला आणि पहिल्या पावसात पाणी बाकांखाली आलं. त्या दिवशी तिथं उभं राहून कुणी एवढं विचारलं असतं तर हाच खर्च कामी आला असता. काँक्रीट झाल्यावर त्यावर पाणी मारतात का आणि गाड्या लगेच सोडतात का, हेही पाहा. नवी टाकी बसली तर झाकण, जिना आणि धुतल्याची तारीख लिहायची जागा बघा.

2023 पासून महामंडळाच्या "हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियाना"त स्थानकांचं मूल्यांकन होऊ लागलं. मूल्यांकन जवळ आलं की रंगरंगोटी होते, कुंड्या येतात. त्याच आठवड्यात आपली पाहणी करू नका. समिती येऊन गेल्यावर महिन्यानं करा, तेव्हा खरी स्थिती कळते.

वर्षाचं वेळापत्रक

तक्रार वेळेवर गेली तर निम्मं काम होतं. पाण्याची पाहणी फेब्रुवारीत करा, म्हणजे टँकरची किंवा बोअरची व्यवस्था एप्रिलच्या आत होऊ शकते. मे महिन्यात अर्ज दिला तर सगळ्याच कार्यालयांत पाण्याचीच ओरड असते. नाल्या, जाळ्या आणि छताची गळती मेच्या पहिल्या आठवड्यात लिहा, मृगाच्या आधी. आषाढीच्या सुमारास पंढरपूरच्या आणि नवरात्रात तुळजापूरच्या जादा गाड्यांमागं सगळी यंत्रणा धावत असते. त्या दिवसांत दिलेला कागद कुणी वाचत नाही, पण गर्दीत काय कोलमडतं ते वहीत टिपायला तेच दिवस चांगले. दिवे, पंखे आणि बाकांची मोजणी दिवाळीच्या तीन आठवडे आधी करा, कारण सुट्टीत माहेरी निघालेल्या बायका लेकरांसह रात्री उशिरापर्यंत त्याच फलाटावर बसलेल्या असतात.